शीड उतरलं की धावायचं

मेकॅनिकच्या आयुष्यात दोन गोष्टी न मागता साठतात, तेलकट चिंध्या आणि किस्से. चिंध्या जाळता येतात. किस्से ऐकवायला माणसं लागतात, आणि मालवणात मला माणसं नव्हती, म्हणून ते साठतच गेले. आज तुम्ही बरे तावडीत सापडलात!

होड्यांना नवी नवी इंजिनं बसत होती तेव्हाची गोष्ट. मी कोल्हापूरचा, बंदरावरच्या शेडमधला एकटा मेकॅनिक. तिथला जुना कायदा सोपा होता. भर समुद्रात कुणाचं शीड उतरलेलं दिसलं की तो अडचणीत आहे, हातातलं काम टाकून धावायचं. भांडण असलं तरी धावायचं. पण इंजिनाची होडी शीड उतरवूनच चालते! ती शीड चढवते, ते इंजिन बंद पडल्यावर. झाली की नाही पंचाईत?

*

पहिलं इंजिन मी सांतान नावाच्या मच्छीमाराच्या होडीला बसवलं. भिवाआबा म्हणजे बंदरावरचे सगळ्यात जुने तांडेल, होडीचे कप्तान. त्यांनी लांबून पाहिलं, सांतानचं शीड खाली! म्हातारा आपली शिडाची होडी घेऊन धावला. दोर फेकून दोन्ही होड्या बांधल्यासुद्धा!

सांतान ओरडतोय, "आबा, माका काय जावक नाय, मशीन चालू आसा!" इंजिनाच्या धडधडीत ऐकणार कोण? शेवटी वैतागून त्याने होडी बंदराकडे वळवली. मागे दोराला आबा! धक्क्याला लागल्यावर आबा घाम पुसत म्हणाले, "बघ, हाडलंय की नाय तुका सुखरूप धक्क्यार!"

*

मग सांतानचं इंजिन खरंच बंद पडलं, तारकर्लीसमोर. त्याने शीड चढवलं, तर वारा पडलेला. जवळून शिडाच्या होड्या वल्ही मारत गेल्या. त्यांना वाटलं, शीड वर आहे म्हणजे सगळं ठीक. कुणीतरी ओरडलंसुद्धा, "सांतान डिझेल वाचयता रे!"

संध्याकाळी कसाबसा किनाऱ्याला लागला आणि माझ्यावरच उखडला. "हात हलवूक सगळो गाव, दोरी टाकूक कोण नाय!"

*

मी डोकं चालवलं. म्हटलं, शीड राहू दे, अडचणीत असेल त्याने लाल फडकं लावायचं. इंजिन असो की शीड, सगळ्यांना एकच खूण. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी खूश!

दुसऱ्याच आठवड्यात नारळी पुनव. प्रत्येक होडी पताकांनी सजलेली, त्यात निम्म्या लाल. अख्खं बंदर अडचणीत! माझी खूण त्याच दिवशी समुद्रात बुडाली.

*

शेडमध्ये मला फार एकटं वाटायचं. काही मोडल्याशिवाय माझ्याकडे कोण येणार? अपवाद फक्त भिवाआबा. त्यांच्या होडीला इंजिन नव्हतं, तरी संध्याकाळी येऊन रिकाम्या पिंपावर बसायचे. त्यांचे खलाशी एकेक करून इंजिनाच्या होड्यांवर गेले होते. आता ते छोटी होडी घेऊन एकटेच जायचे.

एका संध्याकाळी मी चिडवलं, "आबा, तुम्हालाही एक इंजिन बसवू?"

"नको रे. त्याच्या आवाजात माणूस माणसाशी बोलणा नाय." मग पिंपावरून उठत म्हणाले, "पण आता माझा शीड उतरला, तर कोण येतलो रे?"

"सगळे येतील!" मी म्हटलं.

*

पुढे एकदा सांतानचं इंजिन दुरुस्त करून ट्रायलसाठी मी त्याच्याबरोबर गेलो. लांबवर आबांची होडी दिसली. शीड खाली!

सांतानने आनंदाने आरोळी ठोकली, "आबान मशीन बसयल्यान रे!" आजूबाजूच्या होड्यांवरूनही लोक हात हलवत होते, शिट्ट्या मारत होते आणि पुढे जात होते. आबासुद्धा हात हलवत होते.

मी सांतानचा खांदा धरून हलवला. "सांतान, इथं इंजिनं मी बसवतो. आबांच्या होडीला मी बसवलेलं नाही. वळव होडी!"

दोर हातात घेऊनच आम्ही त्यांच्याजवळ पोचलो. डोलकाठी शाबूत, होडीत पाणी नाही, शीड नीट घडी करून ठेवलेलं. सांतानने घाबरून विचारलं, "आबा, काय मोडला?"

आबांनी फळीवरचं जाळं बाजूला सारून आम्हा दोघांना बसायला जागा केली.

"काय मोडूक नाय रे. कोण येता काय, बघत होतंय."