बंद गाडीचं स्टेअरिंग

सुनेनं गाडी मुरुमाच्या ढिगात घातली, त्या संध्याकाळी मुलगा म्हणाला, गाडी विकून टाकू. सून म्हणाली, विका. मला कुणी विचारलं नव्हतं, तरी मी म्हणालो, "विकायची न्हाय."

"अण्णा, तुम्ही यात पडू नका," मुलगा म्हणाला.

मी पडणारच होतो.

गाडी लहान, दुसऱ्याची वापरलेली घेतलेली. सून अक्कलकोटच्या पुढं एका खेड्यातल्या शाळेत शिकवते. तिच्या वर्गातली निम्मी पोरं घरात कन्नड बोलतात. तिला येत नव्हतं, तर पोरांकडूनच शिकली. एसटीनं जायचं तर मध्ये गाडी बदला, मग फाट्यापासून उन्हात चाला. म्हणून हट्टानं ड्रायव्हिंग शिकली आणि पाऊसपाणी न बघता रोज जाऊ लागली. डॅशबोर्डवर खडूची पेटी ठेवायची. गाडीत तिचं म्हणून एवढंच असायचं.

त्या दिवशी येताना वळणावर इंजिन गपकन बंद पडलं. तिनं चाक फिरवलं, फिरेना. लॉक झालं असं वाटून तिनं हातच सोडले. रस्त्याचं काम चाललंय, कडेला मुरुम पडलेला, त्यात गाडी जाऊन बसली. लागलं कुणाला नाही. बंपर तेवढा फुटला. पण बघायला जमलेल्यांत एक जण म्हणाला, "बाईच्या हातात गाडी दिली की असंच." हे तिनं मला सांगितलं. नवऱ्याला नाही सांगितलं.

मी मेकॅनिककडं जाऊन बसलो. तो म्हणाला, "बाबा, किल्लीमागची वायर ढिली होती. इंजिन बी गेलं आन् करंट बी गेला. हे स्टेअरिंग करंटवरचं हाय. आत एक मोटर असती. तुमी थोडा जोर लावला की बाकीचा ती लावती."

"नुसतं इंजिन बंद पडलं तर?"

"गाडीगाडीवर हाय. काही गाड्यांत बॅटरीवर थोडा वेळ मदत ऱ्हाती. करंटच तुटला की मात्र मोटरनं हात काढला. मग चाक तुमच्या एकट्याच्या जिवावर."

"पर फिरतंय का न्हाय?"

"फिरतंय की. जड."

वायर पक्की झाली. मुलगा म्हणाला, बरं झालं, आता गिऱ्हाईक लवकर मिळेल. सून पुन्हा एसटीनं जाऊ लागली. अंधारात उठून डबा भरायची आणि स्टँडवर जायची. संध्याकाळी यायची ती चपला बाहेर झटकून, पाय धुऊन, तशीच भिंतीला टेकून बसायची. गाडी दारात उभी असायची, तिच्याकडं बघायची सुद्धा नाही. जनावर अंगावर आलं की माणूस त्याच्या बाजूनं जात नाही, तसं. मला ते बघवेना.

मी शाळा चौथीत सोडलेला माणूस. पण पाण्याचा टँकर उभी उमर चालवलाय. उन्हाळ्यात करमाळ्याकडच्या वस्त्यांवर पाणी टाकायचो. वळणावर आतलं पाणी एका बाजूला झुकायचं आणि सगळा भार हातावर यायचा. त्या टँकरला कसली मोटर न् कसलं काय. माझ्या उस्तादानं मला शिकवताना आधी इंजिन चालूच करू दिलं नव्हतं. रिकामा टँकर उतारावर सोडायचा आणि शेजारी बसून बिडी ओढायचा. म्हणायचा, मेलेली गाडी सांभाळ, मग जिती देतो.

रविवारी मी सुनेला म्हणालो, "चल. गाडी काढ."

"नको, मामा."

"मग मी काढतो." माझं लायसन संपलंय हे तिला ठाऊक होतं. ती मुकाट्यानं किल्ली घेऊन आली.

एमआयडीसीच्या मागं एक रस्ता आहे, थोड्या उताराचा. सुट्टीला तिथं कुत्रंसुद्धा फिरत नाही. तिथं गाडी उभी करायला लावून मी तिला उतरवलं आणि स्वतः बसलो. म्हटलं, आधी दाखवावं. इंजिन बंद केलं, स्टेअरिंग धरलं आणि पीळ दिला.

हललं नाही.

पुन्हा दिला. बोटभर हललं आणि माझ्या खांद्यात कड् वाजलं. टँकरचं चाक परातीएवढं असायचं, मोठ्या चाकाला जोर लागू होतो. हे ताटलीएवढं. शिवाय उभ्या गाडीचं चाक फिरवू नये हे मी जन्मभर क्लीनरांना ओरडून सांगितलं, आणि आज दिमाखात तेच करत बसलो होतो. सून खिडकीशी वाकून बघत होती.

"राहू द्या, मामा."

हे मला लागलं. खांद्यापेक्षा जास्त लागलं. पण तिच्या तोंडाकडं बघितलं तर ती हसत नव्हती. तिचं लक्ष पुढच्या चाकाकडं होतं.

"थोडं फिरलं की हो," ती म्हणाली. "लॉक असतं तर एवढंही फिरलं नसतं. सरका."

ती बसली. मी शेजारी बसून सांगितलं, "गिअर न्यूट्रल. किल्ली मागं घे, पर काढायची न्हाय. काढलीस तर मग खरंच लॉक हुईल. ब्रेक सारखा सारखा मारायचा न्हाय, दोन-चारदा मारला की त्योबी दगड हुतोय. एकदाच दाबून धरायचा. आन् हँडब्रेकवर माझा हात हाय."

गाडी आपसूक उताराला लागली. तिनं चाक दोन्ही हातांनी आवळून धरलं.

"आता वळव. झटका नको. म्हशीला दावणीकडं ओढतात तसं, धरून ऱ्हा."

वळली. चालत्या गाडीला तेवढं जड लागत नाही. डावीकडं वळली, मग उजवीकडं. खाली जाऊन थांबली. तिनं लगेच गाडी चालू करून पुन्हा वर घेतली आणि पुन्हा सोडली. तिसऱ्यांदा मला म्हणाली, "मामा, तुमचा हात काढा हँडब्रेकवरनं."

तेवढ्यात मुलगा मोटारसायकलवर शोधत आला. लाल झालेला.

"अण्णा, तुम्हाला काही कळतं का? ही आत्ता सावरतीय, आणि तुम्ही..."

"बस," मी म्हणालो.

"काय?"

"ड्रायव्हरच्या सीटवर बस. तू लई वर्सं चालवतोस न्हवं?"

बायकोसमोर नाही म्हणता येईना. तो बसला, मी शेजारी, सून मागं. इंजिन बंद ठेवूनच गाडी उताराला लागली. मी म्हणालो, "वळव." त्यानं रोजच्या सवयीनं दोन बोटांनी चाक फिरवायला घेतलं.

"लॉक झालं!" तो ओरडला आणि हात सोडले.

"लॉक नाही, जड झालंय," मागून सून शांतपणे म्हणाली. "सोडू नका. दोन्ही हातांनी ओढा."

त्यानं ओढलं. गाडी वळली, कडेला थांबली. त्यानं हँडब्रेक ओढला. मग मागं वळून तिला म्हणाला, "त्या दिवशी तुला असंच झालं होतं?"

"हं."

"आणि मी..."

"घरी चला," ती म्हणाली. "मामांचा खांदा धरलाय. शेकायला लागेल."

मी म्हणालो, खांद्याला काही झालेलं नाही.

सोमवारी सून शाळेला निघाली तेव्हा मी दारात उभा नव्हतो. आत गरम विटेनं खांदा शेकत पडलो होतो. गाडी चालू झाली, गल्लीतनं निघाली. मी कान देऊन ऐकत होतो. कोपऱ्यावर दुसरा गिअर वेळेवर पडला.