उभ्या राहा, मोठ्यानं वाचा

"उभ्या राहा मॅडम. मोठ्यानं वाचा."

केंद्रातल्या सगळ्या शाळांचे शिक्षक परिषदेला जमले होते. केंद्रप्रमुख साहेबांनी स्वतःचा मोबाईल माझ्या हातात दिला. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मीच टाकलेला मेसेज होता. वाचला.

"चारशे दोनमधून एकशे अठ्ठ्याहत्तर वजा करताना मधल्या शून्यापाशी माझी पोरं अडतात. कसं शिकवू?"

साहेब खुर्चीत रेलले. "एवढंही येत नाही! कोट्यातून आल्यावर दुसरं काय होणार?"

सगळे हसले. शेजारच्या शाळेची बाई, दर परिषदेला माझ्या डब्यात हात घालणारी, तीही हसली. माझ्या अंगाची लाही झाली. आई दुसऱ्याच्या रानात खुरपत होती तेव्हा मी डी.एड.ला पहिली आले होते. ते कुणी मोठ्यानं वाचलं नाही.

त्या ग्रुपवर रोज साहेबांचा सुविचार. खाली जोडलेले हात. कुणाचा सत्कार, कुणाच्या शाळेची रंगरंगोटी. काही अडलंय, असं कुणी कधी लिहिलंच नव्हतं. मी लिहिलं, हा गुन्हा.

किनवटच्या बसमध्ये मोबाईल वाजला. तीच बाई. "ताई, उत्तर भेटलं तर मला बी सांग. माझी पोरं बी तिथंच अडून राहिली." मग परिषदेत हसलेल्या एका गुरुजींचा फोन. तेच.

डोकं फिरलं. अडलं होतं सगळ्यांचं, आणि उभी केली मला एकटीला!

मी तो ग्रुप सोडला, स्वतःचा काढला. नियम एकच. आत यायचं तर आपल्याला काय शिकवता येत नाही, ते आधी लिहायचं. सुविचार टाकला की बाहेर. नांदेडचे आले, लातूरचे आले. उदगीरच्या एका गुरुजींनी आवाज पाठवला, "मॅडम, आधी शंभराचा गठ्ठा सोडा, दहा-दहाच्या जुड्या करा. मग त्यातली एक जुडी सोडा. मी बी लई दिवस अडकलो होतो." दुसऱ्या दिवशी माझ्या पोरांनी काड्यांचे गठ्ठे सोडले आणि एका सुरात ओरडली, "दोनशे चोवीस!"

आता ग्रुपचं नाव झालंय. काल साहेबांचा फोन. "मॅडम, मला ॲड करा. आपल्याच केंद्रातला उपक्रम आहे, वर दाखवायचाय."

"करते की. पुढच्या परिषदेत उभे राहा. तुम्हाला काय शिकवता येत नाही, ते मोठ्यानं वाचा."

"हे शोभतं का?"

"मला शोभलं होतं, साहेब."

फोन कट.

ग्रुपमध्ये यायची त्यांची विनंती माझ्या मोबाईलवर पडून आहे. ती बाई म्हणते, "जाऊ दे ताई, मोठं मन कर." मन मोठं करायला नेहमी आम्हालाच सांगतात. नाही करणार. गोपनीय अहवाल बिघडवतील? बिघडवू देत. आधी ते उभे राहतील, वाचतील. मी पहिल्या रांगेत बसून ऐकेन. मगच मंजूर दाबीन. हसायचं की नाही, ते तेव्हा ठरवीन.