अनुसयामावशींनी दिलेला तुकडा

"माझ्या अंगातला तुकडा हाय. त्याचं काय करणार ते सांग, मग सही करते."

अनुसयामावशींचं माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. कोल्हापुरातल्या एका रुग्णालयात, स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, त्या पलंगावर मांडी घालून बसल्या होत्या. मी पीएच.डी. करत होते. काढलेल्या गाठीचा छोटा तुकडा संशोधनासाठी मिळावा म्हणून संमतीपत्रं घेऊन वॉर्डात फिरायची. तोवर बहुतेक बायकांनी न विचारताच सही केली होती, आणि खरं सांगायचं तर मला ते सोयीचं वाटायचं.

मावशी हुपरीच्या. घरातच चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडायचं काम करायच्या. बारीक कामाला सरावलेली ती नजर माझ्यावर रोखलेली होती, म्हणून मी सांगू लागले. शरीरात प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात. जखम भरताना, हाड नवं होताना ती लागतातच. कर्करोगाच्या पेशी त्यांच्याच मदतीनं आजूबाजूची प्रथिनांची जाळी तोडून वाट काढतात आणि रक्तातून हाडापर्यंत पोचतात. तिथं हाड झिजायला लागतं, आणि झिजणाऱ्या हाडातून जे सुटतं त्यावर त्या पेशी आणखी पोसतात.

"म्हंजे घर बी फोडत्यात आणि त्याच घरातलं खात्यात?"

"हो."

"मग ती एन्झाइमं बंद करायचं औषध द्या की!"

"देऊन बघितलंय, मावशी. लोकांचे सांधे दुखायला लागले आणि गुण काही आला नाही. सगळीच वाईट नसतात. नेमकं कुठलं वाईट, ते शोधतोय."

"आदी सगळ्यास्नी धरून बडवलासा व्हय!" त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की वॉर्ड वळून बघू लागला. मग ठसठशीत अक्षरांत सही केली.

पुढच्या तपासणीला आल्या त्या थेट आमच्या प्रयोगशाळेत. "माझा तुकडा दाव." माझ्या मार्गदर्शक सरांना विचारून मी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. चष्मा कपाळावर सारून त्या बराच वेळ बघत राहिल्या. "दिसायला वंगाळ न्हाय गं," म्हणाल्या. उठताना त्यांनी माझा हात धरला. बोटं गार पडली होती. भीती वाटते असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत.

दीड वर्षानं त्यांची कंबर दुखू लागली. बसून बसून दुखतंय, असं म्हणत त्यांनी तीन महिने काढले. मला ते फोनवर सहज कळलं. मी हट्टानं तपासणी करायला लावली, तर रोग मणक्यात उतरला होता. हाडाविषयी एवढं शिकवलं होतं मी, पण दुखलं तर लगेच या, हे साधं वाक्य सांगायचं राहिलं होतं. तसं मी त्यांच्यापाशी कबूल केलं.

"तू सांगितलं असतंस तरी दिवाळीचं काम टाकून मी आले नसते." हे खरं असेल, किंवा माझ्यासाठी म्हटलेलं असेल.

उपचारांनी आणखी दोन वर्षं मिळाली. त्या अंथरुणाला खिळल्यावर मी हुपरीला गेले. आमचा निष्कर्ष हाती आला होता, पण सांगायची लाज वाटत होती. ज्या एन्झाइमवर आमचा संशय होता, ते हाडात पसरलेल्या आणि न पसरलेल्या गाठींत सारखंच निघालं होतं.

"सगळं फुकट गेलं, मावशी."

लेकीनं त्यांना उशीला टेकवून बसवलं. "म्हंजे त्यो गुन्हेगार न्हवं?"

"नाही."

"लिवलंस का हे कुठं?"

"असलं कोण छापतंय?"

"लिव. न्हायतर दुसरी कुठली तरी पोरगी त्येच्याच मागं उन्हातानाची पळंल."

पंधरा दिवसांनी त्या गेल्या. मी शोधनिबंध लिहिला. दोन नियतकालिकांनी परत पाठवला, तिसऱ्यानं छापला. शेवटी आभार आहेत, पण तुकडे देणाऱ्या बायकांची नावं द्यायची नसतात. इथंही मी त्यांचं नाव बदललं आहे. बोलणं मात्र त्यांचंच.