चिंगीची वेणी

पार्लरवालीचा हात हलका, पण जीभ तिखट. गिऱ्हाइकाच्या केसांना कात्री लावण्याआधी मात्र ती तीनदा विचारायची, "किती कापू? इथवर? नक्की?"

तिची मुलगी चिंगी अकरा वर्षांची. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. पाय ताठर, हात मनात नसताना उडायचे. शब्द यायचे, पण एकेक, विहिरीतून ओढून काढल्यासारखे. डोकं मात्र आईसारखंच तल्लख, आणि केस कमरेपर्यंत. रोज सकाळी मानेमागे टॉवेलची गुंडाळी ठेवून आई अर्धा तास ते विंचरायची. वेणी खांद्यावरून पुढे घेतली की चिंगी आरशासमोरून हलायला तयार नसे.

दुपारी तिला नणंद सांभाळायची. भरवायलाच पाऊण तास लागायचा. वन्सं कामाला वाघ, हे पार्लरवालीही नाकारत नसे. पण एका मंगळवारी ती घरी आली, तर वेणी वर्तमानपत्रावर पडलेली, आणि चिंगीच्या डोक्यावर उंदरांनी कुरतडल्यासारखे खुंट.

"वन्सं, हे काय केलंत?"

"अगं, सांडलेला घास सगळा केसांत जातो. आता कसं सुटसुटीत. आणि तिला काय कळतंय?"

"रडली नाही ती?"

"रडली थोडी. ती काय, कशालाही रडते."

पार्लरवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने दार उघडलं आणि नणंदेची पर्स तिच्या हातात दिली. "निघा तुम्ही. आत्ता."

संध्याकाळी नवऱ्याने समजूत घातली. "केसच आहेत, वाढतील. ताई किती करते आपलं."

"झोपेत तुझी मिशी भादरते. तीही वाढेल."

त्याचा हात मिशीकडे गेला. ती चिंगीजवळ गेली.

"आ...ई."

"हो बाळा, आत्याला परत हात लावू देणार नाही."

"ना...ही..."

"नाही ना? मग काय, भूक लागली?"

चिंगीचा हात उडाला आणि आईच्या हनुवटीवर बसला. मुद्दाम की आपोआप, कळलं नाही. "थां...ब."

आई थांबली. शब्द गोळा व्हायला बराच वेळ लागला.

"तू... पण... वि...चारत... नाहीस."

पार्लरवाली आठवू लागली. फ्रॉक कुठला, खायचं काय, डॉक्टरांनी विचारलं तर दुखतंय कुठे, सगळी उत्तरं आजवर तीच देत आली होती. पोरीचं वाक्य पुरं व्हायच्या आत. नणंदेवरचा राग तसूभरही कमी झाला नाही. फक्त त्यातला अर्धा आता तिला स्वतःलाच चावत होता.

दुसऱ्या दिवसापासून चिंगी पार्लरमध्ये बसू लागली. आईने कात्री दाखवली. "कडा सारख्या करू?"

"न...को."

"का?"

"आत्याला... बघू... दे."

चार दिवस गिऱ्हाइकं त्या डोक्याकडे बघत राहिली. धंद्याच्या जागी लाज वाटली, तरी पार्लरवालीने कात्री लावली नाही.

पाचव्या दिवशी नणंद आली. माफी मागायला नव्हे, भावाने पाठवलं म्हणून. डोकं बघून ओशाळली आणि कात्री उचलून म्हणाली, "बघू, मीच नीट करते."

"तिला विचारा," पार्लरवाली म्हणाली.

नणंद पहिल्यांदाच पोरीसमोर वाकली. "करू का गं?"

चिंगीने सावकाश मान वर केली. सगळं पार्लर थांबलं होतं, आणि ती घाई करणार नव्हती.

"तू... नाही."

नणंदेने कात्री खाली ठेवली. वर रुसून म्हणाली, "एवढं करून हे." त्यानंतर ती महिनाभर आली नाही. पार्लरवालीनेही बोलावलं नाही.