सावलीची जीप
रंगाच्या थिनरचा वास आला की आजही माझा जळफळाट होतो. ब्रह्मपुरीत मी आणि माझ्या मित्रानं एकाच प्रकारच्या किटमधून जीपची छोटी मॉडेलं बनवली होती. मी रंग घासून घासून आरशासारखी चकाकी आणली. त्यानं मात्र मागची बाजू ओझ्यानं बसल्यासारखी खाली वाकवली, टपावर सुतळीनं धानाची पोती बांधली, चाकांना भातशेताच्या बांधीतली माती फासली. चहाच्या टपरीवर दोन्ही जीपा शेजारी-शेजारी ठेवल्या, तर जो तो त्याच्याच जीपवर वाकलेला. टपरीसमोरूनच सावली गावाला जाणाऱ्या प्रवासी जीपा सुटत. चहावाली बाई त्याला हसून म्हणाली, "हे त आपली सावलीची जीप होय! बसाले जागा हाय का भाऊ?" मग माझ्याकडे वळली, "आन् हे खेळनं कोनाचं?" ते खेळणं अजून माझ्या कपाटात आहे. रोज पुसतो, तरी धूळ बसतेच. पण ती मेली धूळ त्याच्या जीपवरच्या मातीसारखी काही बसत नाही.