लग्नाच्या कॅसेटमधली आई

आई जाऊन बरीच वर्षं झाली. बाबा मिरजेत एकटेच राहायचे. गुडघ्यांनी असहकार पुकारला तेव्हा त्यांना आम्ही म्हैसूरला आणलं. कुवेंपुनगरातल्या आमच्या घरात त्यांना खोली मिळाली, गॅलरी मिळाली, पण बोलायला माणूस मिळेना. शेजारचे आजोबा कन्नडमधून पावसाचं विचारतात, बाबा मराठीतून गुडघ्यांचं सांगतात आणि दोघंही समाधानाने आपापल्या घरात जातात.

एका सकाळी चहा पिताना बाबा म्हणाले, "तुझ्या आईचा चेहरा डोळ्यांसमोर आहे गं, पण आवाज काही केल्या आठवत नाही."

"कमाल आहे! जन्मभर तिचीच बोलणी खाल्लीत की," मी म्हटलं. ते हसले नाहीत. मग मी आठवायला गेले. मलाही आठवेना.

आईच्या वेळी फोन फक्त बोलायच्या कामाचे होते. तिचा आवाज असलाच तर एका ठिकाणी, माझ्या लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटमध्ये. तिने माझ्यासाठी स्वतः मंगलाष्टकं रचली होती आणि माईकवर म्हटली होती. लग्नाआधी ती स्वयंपाकघरात पुटपुटत चाल बसवायची. मी आत गेले की गप्प होऊन उगाच फोडणी हलवायची.

माळ्यावरची कॅसेट उघडली तर फितीवर पांढरी बुरशी. इथल्या मंडी मोहल्ल्यात एक जण जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देतो. त्याचे पूर्वज राजाच्या फौजेत शिपाई म्हणून इकडे आले, घरी अजून मराठी बोलतात. त्याने कॅसेट उजेडात धरली. "बुरशी लई हाय, अक्का. स्वल्प साफ करून बघतो. नोडोणा, बघू काय हुतंय."

बाबा रोज विचारायचे, "आली का?" आणि मी रोज देवाला सांगायचे, फीत तेवढी तुटू देऊ नकोस. दुसरं काही मागायचं मला सुचलंच नाही.

फीत तुटली नाही. दुकानात मी पाहिलं तर चित्र स्वच्छ आलं होतं. आई हिरव्या काठापदराच्या साडीत. तिने माईक हातात घेतला, घसा खाकरला, डोळे मिटले, तोंड उघडलं. आणि एका सिनेमातलं, मुलीला सासरी पाठवतानाचं गाणं सुरू झालं. भरपूर व्हायोलिनं असलेलं. आईचे ओठ हलत होते आणि भलतीच बाई गात होती.

"हे गाणं जरा कमी करा ना," मी म्हटलं.

"आगल्ला, अक्का, जमायचं न्हाई," तो म्हणाला. "गाणं घालताना खालचा आवाज पुसून टाकलाय. टेपात आवाजच न्हाई. मी कुठनं आणू?"

तेव्हा लग्नाच्या कॅसेटी अशाच बनायच्या. व्हिडिओवाला घरी येऊन विचारायचा, कुठे कोणतं गाणं टाकू? आमच्याकडे ती निवड मोठ्या हौसेने आईनेच केली होती. "मागचा गलका नको हं, चांगली गाणी घाला," असं तिने त्याला बजावलं होतं. मला तिचा असा राग आला! आता भांडणार कोणाशी?

मिरजेच्या व्हिडिओवाल्याचा नंबर खटपट करून मिळवला. त्याला गाणी घालायच्या आधीच्या मूळ कॅसेटीबद्दल विचारलं. "ती कच्ची कॅसेट आम्ही पुढच्या लग्नाला वापरायचो, ताई," तो म्हणाला. म्हणजे आईच्या आवाजावर दुसऱ्याच कोणाची तरी वरात निघाली होती.

घरी टीव्हीवर लावलं. बाबांना आधी सगळं सांगितलं होतं, तरी ते चष्मा पुसून पुढे सरकून बसले. आईने तोंड उघडताच गाणं वाजलं. ते म्हणाले, "बंद कर तो आवाज." मी टीव्ही मुका केला.

"तू म्हण," ते म्हणाले. "तुझा गळा तिच्यासारखा आहे, सगळे म्हणायचे."

"शब्द कुठे येतात, बाबा? मी अंतरपाटाच्या मागे होते. छातीत नुसती धडधड. काही म्हणजे काही ऐकलं नाही. तुम्हाला येतात?"

"मी आचाऱ्याशी भांडत होतो," बाबा म्हणाले. "जिलबी कमी पडत होती."

पडद्यावर आई गात राहिली. एकदम सगळ्यांचे हात वर झाले आणि अक्षता पडल्या. म्हणजे एक कडवं संपलं होतं. बाबा हळूच म्हणाले, "शुभमंगल सावधान." मीही म्हटलं.

आईने पुढच्या कडव्यासाठी श्वास घेतला, आणि आम्ही दोघं पुन्हा अक्षता पडायची वाट बघत बसलो.