आठ पाट्यांचा रेट

सोलापुरात सात रस्त्याच्या मागच्या बोळात आमचं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक खोली. मधोमध छपाईचं टेबल, पंख्याखाली वाळत ठेवलेल्या पाट्या आणि सगळीकडे थिनरचा वास. छापते मी, डिझाइन आणि गिऱ्हाईक आमचे हे बघतात. ‘येथे थुंकू नये’, ‘चपला बाहेर काढाव्यात’ अशा प्लास्टिकच्या पाट्या ज्यांना दहा-वीसच लागतात, ती माणसं आमच्याकडे येतात.

सुरुवातीला सासरकडच्या नातेवाइकांनी आमच्याकडून खूप काम फुकट करून घेतलं. नणंदेच्या दिरांनी तर त्यांच्या क्लाससाठी ढीगभर पाट्या नेल्या आणि ‘घरचंच तर आहे’ म्हणून हसत निघून गेले. त्या दिवशी मी यांच्याशी कडाकडा भांडले. “आजपासून तुमच्याकडचे असोत की माझ्याकडचे, रेट एकच.” यांनी मान्य केलं आणि पाळलंही.

मग एके दिवशी माझे वडील वैरागहून आले. अण्णांची तिथं पिठाची गिरणी आहे. दुकानात टेकतात न टेकतात तोच म्हणाले, “काम आणलंय तुज्यासाठी.”

“कसलं काम?”

“ओलं धान्य दळून मिळणार न्हाय, अशी पाटी पायजे. मला एकट्याला न्हाय, सगळ्या गिरणीवाल्यांना. आठ पाट्या. दोन रंगांत कर, लांबून दिसंल अशी.”

लेकीला धंदा मिळवून दिला याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता. हे माझ्याकडे बघत राहिले. मी मनात हिशेब केला आणि सांगितलं, “एक पाटी एकशे चाळीसला पडंल, अण्णा.”

“एक?”

“व्हय. दोन रंग म्हटलं की दोन फ्रेम बनवाव्या लागतात. आठ छापा न्हायतर शंभर, फ्रेमचा खर्च तेवढाच. शंभर घेतल्या असत्या तर निम्म्यात बसल्या असत्या.”

अण्णांनी बंडीचा आतला खिसा चाचपला. हे हळूच म्हणाले, “मामा, तुम्हाला काय द्यायचं ते द्या.”

मीच घाईनं म्हणाले, “नको. रेट सगळ्यांना एकच हाय.”

“बरुबर हाय,” अण्णा म्हणाले. “धंदा म्हनलं की असंच पायजे.”

पाट्या न्यायला आले तेव्हा बंडीच्या आतल्या खिशातून त्यांनी सगळे पैसे दिले. मी ते गल्ल्यात टाकले. खरं सांगायचं तर मला तेव्हा बरंच वाटलं. माझ्या माहेरचं माणूस कसं वागतं, हे यांनी बघितलं, एवढंच डोक्यात होतं.

पंचमीला माहेरी गेले. वाटेत अण्णांच्या बरोबरीचे एक गिरणीवाले भेटले. त्यांना आम्ही लहानपणापासून तात्या म्हणतो. त्यांनी मला थांबवलं. “पोरी, पाटी लई झाक केलीस बघ. पन्नास रुपयांत असली पाटी सोलापुरात बी दुसरं कोण देणार न्हाय.”

“पन्नास?”

“व्हय की. अण्णांनी आदीच सांगितलं व्हतं, माजी लेक पन्नासात करून देती. सगळ्यांकडनं पन्नास-पन्नास गोळा करून तर त्यो सोलापूरला आला व्हता.”

रेट विचारायच्या आधीच माझा बाप माझ्या नावानं शब्द देऊन बसला होता. मी समोर बसून जवळजवळ तिप्पट आकडा सांगितला आणि ते ‘बरुबर हाय’ म्हणाले. गावात परत जाऊन ‘लेक जास्त मागती’ असं सांगणं त्यांना जमलं नसणार. वरचे पैसे स्वतःच घातले.

तिथं मी गप्प राहायला हवं होतं. पण लाज इतकी वाटली की तोंडातून निघून गेलं, “तात्या, ती पाटी एकशे चाळीसची हाय. बाकीचं अण्णांनी भरलंय.”

तात्यांचं हसू गेलं. संध्याकाळी ते घरी आले आणि अण्णांच्या बाजेवर नव्वद रुपये ठेवले. “मला आदी सांगायचं व्हतं. मी काय तुज्या जिवावर पाटी लावनार व्हय?” असं म्हणून चहासुद्धा न घेता गेले.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. “तू सांगितलंस?”

“व्हय. पण तुमी कशाला भरलं, अण्णा? मला एका शब्दानं बोलला असता तर…”

“तू मला रेट सांगितलास, मी दिला. गावात मी रेट सांगितला, त्यो बी मी पाळला. तुला मधी पडायला कुणी सांगितलं?” त्यांचा आवाज चढला नाही. “आता गाव म्हनंल, बाप खोटं बोलला आन लेकीनं उघडं पाडलं.”

तात्यांकडून कळल्यावर दुसऱ्या दिवशी आणखी दोघं पैसे देऊन गेले. एकानं तर पाटीच परत आणली. वर्तमानपत्रात गुंडाळून उंबऱ्यावर ठेवली आणि आईला म्हणाला, “एवढ्या महागाची आमाला झेपत न्हाय.” अण्णांनी ती उचलून पोत्यांच्या थप्पीमागे सरकवून दिली. मी तिथंच पीठ चाळत बसले होते. मान वर करायची हिंमत झाली नाही.

निघताना मी आईच्या हातात पैसे कोंबायला गेले. तिनं माझी मूठ तशीच मिटवली. “त्यांना कळलं तर ते जेवायचे न्हाईत,” म्हणाली. एसटीवर सोडायला अण्णा आले, मला खिडकीजवळची जागा धरून दिली, पण सगळं बोलणं नातवंडांच्या शाळेबद्दल.

घरी येऊन यांना सगळं सांगितलं. हे एवढंच म्हणाले, “मी त्या दिवशी म्हणत होतो.” तेवढंही मला लागलं. आमचा नियम अजून तोच आहे. मोडायला तोंड नाही, आणि कुणी रेट विचारला की आकडा सांगताना माझा आवाज उगाच बारीक होतो.

अण्णांचा फोन दर रविवारी येतो. पाऊस किती झाला, ज्वारी काय भावानं चालली, जावयांचा गुडघा कसा आहे, सगळं विचारतात. दुकान कसं चाललंय, हे मात्र विचारत नाहीत. मीही सांगत नाही.